काकांचा वजनकाटा

आमच्या खांदा कॉलनीतल्या शेजारच्या काकांइतका शिस्तीने जेवणारा माणूस पनवेलमध्येच काय, अख्ख्या कोकणात दुसरा सापडला, तर मी जन्मभर दुधीभोपळ्यावर राहायला तयार आहे. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर तपासायला दुसऱ्यांचे काटे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःचं ताट तपासायला घेतलं. भात साठ ग्रॅम, गोड बंद आणि संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. गव्हाणला एका साखरपुड्याच्या पंगतीत त्यांनी पिशवीतून काटा काढून भात जोखला, तेव्हा वाढणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, आमी पावन्यांना मोजून नाय वाढत!" काका ढिम्म. "मग मी मोजून खातो," म्हणाले. मी त्यांच्या नाकावर टिच्चून तिसऱ्यांदा भात घेतला.

त्यांची नात त्यांच्याकडेच राहते, त्यांचं ताट बघतच वाढली. मानसशास्त्र शिकते. अभ्यासासाठी तिने एक प्रश्नावली आणली. खाण्याचे नियम किती कडक आणि त्यांचा जाच किती, हे मोजणारी. मी तिथेच चहा पीत होतो. "एक घास जास्त गेला तर दिवसभर रुखरुख लागते?" "नेहमी!" "नियम मोडेल म्हणून कार्यक्रम टाळता?" "काटा नेता येत नसेल तर टाळतोच!" पैकीच्या पैकी गुण पडले. काकांनी छाती फुगवून विचारलं, "पहिला आलो ना?"

"आजोबा, यात जास्त मार्क म्हणजे जास्त काळजीचं," ती हळूच म्हणाली. "आणि माझे तुमच्यापेक्षा दोनच कमी आहेत."

तिचं घड्याळ मनगटावरून पार कोपरापर्यंत घसरत होतं, ते मला तेव्हा दिसलं. वर्षभर आम्ही सगळे तिला 'काय छान बारीक झालीस' म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काका तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि परतताना काटा माझ्या हातात ठेवला. "मागितला तरी देऊ नका." मग साडेसातला, सगळे नियम धाब्यावर बसवून, तिच्यासमोर श्रीखंडाची वाटी घेऊन बसले. चमचा चमचा करत वाटी संपवली. तिने दोन चमचे खाल्ले आणि रडली.

त्याला आता सहा महिने झाले. दर गुरुवारी काका दारात येऊन काट्याची चौकशी करतात, "बरा आहे ना?" मी म्हणतो, "बरा आहे, देत नाही." परवा मात्र काट्याचं नावच नाही. "आज तिने भात मागून घेतला," म्हणाले.

"किती?" मी सवयीने विचारलं.

"मोजला नाही हो," काका म्हणाले, आणि चष्मा पुसत घराकडे वळले.