दहाचाकीची मालकी

कुणी मला 'मालक' म्हणून हाक मारली की आजही तोंड कडू होतं. पावणेदोन वर्षं मी मालक होतो. स्वतःच्या दहाचाकी ट्रकचा मालक आन् त्याचाच ड्रायव्हर. त्या दिवसांची मला किळस येते, माझी स्वतःची त्याहून जास्त.

त्याआधी अकरा वर्षं मी वाळूजच्या एका शेठची गाडी चालवली. कारखान्यांचे सुटे भाग चेन्नईला न्यायचे, येताना मिळेल तो माल आणायचा. भाड्याचा कागद माझ्याच खिशात असायचा, त्यामुळं स्टेअरिंगवर बसल्या बसल्या मी शेठची कमाई मोजायचो. भाड्यातून डिझेल काढलं, टोल काढला, माझा पगार-भत्ता काढला, राहिलं ते शेठचं. लई राहायचं. आपण डोळे फोडायचे आन् यानं पंख्याखाली पान चघळत बसायचं, या विचारानं डोकं सणकायचं. त्यानं एक जुनी गाडी विकायला काढली तेव्हा मीच पुढं झालो. "हिशोब नीट केलास ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "केला." तो नुसता हसला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण गाडी खपत असताना तो कशाला बोलेल.

पैसा बायकोचा होता. शिवणकामातून साठवून तिनं पडेगावकडं छोटा प्लॉट घेतला होता. आमचा सगळा संसार किरायाच्या खोल्यांत झालेला. "गाडी नाय चालली तर पोरींना घेऊन कुठं राहायचं?" एवढंच ती म्हणाली. मी ऐटीत सांगितलं, "वर्षभरात तोच काय, शेजारचाबी घेतो." प्लॉट विकला, कमी पडले त्याचं कर्ज काढलं.

पहिल्याच महिन्यात दोन टायर गेले. मग इन्शुरन्स, मग पासिंग, मग क्लचप्लेट. शेठच्या हिशोबात मी यातलं काहीच धरलं नव्हतं, कारण ते माझ्या खिशातल्या कागदावर नसायचं. कारखान्याच्या गेटवर माल उतरायला तीन-तीन दिवस गाडी उभी राहायची, कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नव्हता. भाडं मिळवून देणारा दलाल, पूर्वी "ए ड्रायव्हर" म्हणणारा, आता "या मालक" म्हणून खुर्ची द्यायचा, चहा पाजायचा, आन् चहा संपेपर्यंत भाड्यातले दोन हजार कापून मोकळा व्हायचा. कशाचे, तर दोन खोकी चेपली म्हणून. तो चहा मी गोड मानून प्यायचो. मालक म्हणत होता ना मला.

एका दिवाळीच्या तोंडावर मी घरी फुशारकी मारली, "या महिन्याला अठरा हजार सुटले." बायको मशीनवर होती. तिनं पाय न थांबवता विचारलं, "शेठ पगार आन् भत्ता मिळून किती द्यायचा?"

"पंचवीस."

"मग ह्यात ड्रायव्हरचा पगार कुठं धरला तुम्ही?"

दुसऱ्याची गाडी होती तेव्हा माझा पगार मी खर्चात धरत होतो. स्वतःची झाल्यावर तोच पगार नफा म्हणून मिरवत होतो, आन् तोही पुरता नव्हता. बायकोचा प्लॉट विकून मी सात हजारानं स्वस्त ड्रायव्हर झालो होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मशीन चालवत राहिली.

गाडी विकायला काढली. टायरांना काळं पॉलिश मारलं, केबिनला रंग दिला. शेठकडचाच एक ड्रायव्हर बघायला आला, माझ्याबरोबर कित्येक वर्षं रस्त्यावर जेवलेला. त्यानं बायकोलाही आणलं होतं. तो गाडीखाली वाकून बघत होता तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. गळ्यातल्या पोतीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "दादा, माझं सगळं सोनं चाललंय ह्यात. खरं सांगा, सुटतं का काही?"

खरं सांगितलं असतं तर गाडी तिथंच राहिली असती, आन् आमच्या पोरी किरायाच्या खोलीत. मी म्हटलं, "सुटतात की ताई. महिन्याला अठरा हजार."

तिला ते पटलं नाय. तिनं माझ्या बायकोकडं बघितलं. बाईशी बाई खोटं बोलणार नाय, असं तिला वाटलं असावं. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं पहिला कप तिच्या हातात दिला आन् म्हणाली, "व्हय बाई, सुटतात. मीच मोजते दर महिन्याला."