मरियाची मान

मिरजगावात मरिया भिंगारदिवेची मान सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मापासून ती हलते, मरिया झोपली तरच थांबते. बोलणंही अडखळत, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं. घाईची माणसं तिचं वाक्य आपणच पुरं करून टाकतात. मग मरिया ते पहिल्यापासून पुन्हा सांगते. हायवेलगत तिचं मेथी-कोथिंबिरीचं दुकान आहे. तिथं घासाघीस करायची तर गिऱ्हाइकानं सवड काढून यावं, नाहीतर सांगेल तो भाव देऊन वाटेला लागावं.

आई-बाप गेल्यावर थोरल्या भावानं, सॅम्युएलनं, तिला सरकारी गृहात नेऊन ठेवलं होतं. कागदावर लिहिलं 'मतिमंद'. मान हलते म्हणजे डोकंही गेलेलं, असा त्या शहाण्यांचा हिशेब! गावात मात्र सॅम्युएलनं सांगितलं, मिशनच्या बोर्डिंगात आहे. गृहात मुलींची डोकी भादरत, न्हाणीला दार नव्हतं. कुणीतरी कोर्टात गेलं, कोर्टानं चौकशीला माणसं धाडली. दटावून ठेवलेल्या बाया खाली बघत बसल्या. मरिया बोलली. जेवणाची घंटा झाली तरी बोलतच होती. पुढं हुकूम आला: भादरणं बंद, न्हाणीला दारं, आणि ज्यांना बाहेर राहता येतं त्यांना बाहेर जाऊ द्या. मरिया बाहेर पडली ती वेणी घालून.

त्या खटल्याचे जुने कागद आता लोकांना वाचता यावेत म्हणून कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू आहे. ते करणाऱ्या निकितानं मरियाला नगरच्या ऑफिसात बोलावलं. सॅम्युएल न बोलावता सोबत आला.

पडद्यावर फोटो आला. गृहात भरती केल्या दिवशीचा, भादरलेल्या डोक्याचा. फोटो हलू नये म्हणून सॅम्युएलनं बाजूनं तिचा जबडा धरला होता. त्याचा तेवढा हात दिसत होता. मरियाच्या डोळ्यांवर निकितानं काळी पट्टी ओढली होती. खाली 'एक मुलगी'. जबानीवरही 'एक मुलगी'च.

"पट्टी काढा," मरिया म्हणाली. "नाव घाला."

"मावशी, तुमच्याच भल्यासाठी झाकलंय. लोक वाट्टेल ते बोलतात."

"भादरताना बी हेच म्हनायचे. माझ्याच भल्यासाठी."

सॅम्युएल खाकरला. "मरिया, माझ्या सिल्व्हियाची सोयरीक जुळत आलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तशीच राहू दे."

"मूठ तुजी हाय, दादा. तोंड माजं हाय."

निकिता गांगरली. "नाव घालायचं तर संमती लागेल," म्हणत तिनं कागद काढला आणि सरकवला सॅम्युएलपुढं. "काका, तुम्ही इथं..."

मरियानं टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप बशीत नाचला. "मला इचारा!"

निकिताचा चेहरा उतरला. "चुकलं मावशी," म्हणून तिनं कागद मरियापुढं ठेवला.

"सही केलीस तर माझ्या घराची पायरी चढायची न्हाई," सॅम्युएल म्हणाला.

सिल्व्हिया मरियाच्या मांडीवर वाढलेली पोर, मरियाची बोटं हवी तिकडं पळायची तरी पोरीला वेणी आत्याच्याच हातची लागायची. डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत. पेन मुठीत धरलं आणि सही केली. अक्षरं रेघ सोडून वर-खाली गेली, पण नाव पुरं झालं.

"आता नवा फोटो बी काढा," ती म्हणाली. "जुन्याच्या शेजारी लावा."

निकितानं मोबाईल उचलला. पहिला फोटो हलला. दुसराही हलला. ती तिसऱ्यांदा मोबाईल धरते तोच शेजारून सॅम्युएलचा हात सवयीनं पुढं आला, थेट जबड्याकडं.

मरियानं तो मनगटाशी पकडला आणि खाली केला.

"हलू दे," ती निकिताला म्हणाली. "ह्या येळला कुनी धरलं न्हाई, एवढं दिसलं पायजे."