न पाहिलेला दुसरा अंक

आमच्या अमरावती-अकोल्यात नाटकाला फुकट बसणारे दोन प्रकारचे. ज्यांच्या घरचं कोणी नाटकात आहे ते, आणि मी. नोकरी माझी सरकारी कचेरीतली, फायली इकडून तिकडे सरकवायची. पण रविवारी मी परीक्षक. नाटक असो, सिनेमा असो, गाण्याची मैफल असो, मी पाहणार आणि मंगळवारी आमच्याकडच्या एका दैनिकात माझं मत छापून येणार. संयोजक मला पुढे नेऊन बसवतात, चहा आणून देतात, "सर, जरा सांभाळून लिहा" म्हणतात. शेफारायला माणसाला आणखी काय लागतं?

आमच्याकडच्या परीक्षणात एक वाक्य हमखास असतं. "अमुक यांनी भूमिकेला न्याय दिला." काम बरं झालं की न्याय दिला, काम लक्षात राहिलं नाही तरी न्याय दिला. नटाला वाटतं आपलं कौतुक झालं, लिहिणाऱ्याची एक ओळ भरते. मी किती जणांना असा न्याय वाटला, देव जाणे. लाज वाटते आता, पण तेव्हा हात कसा सराईत चालायचा.

माझी मोठी बहीण अकोल्याला असते. नाटकाचं वेड खरं तिचं, मी तिच्या मागे मागे शिकलो. कॉलेजात तिला नायिकेचं काम मिळालं होतं, तालमी सुरू झाल्या होत्या, आणि बाबांना कळलं. "आपल्या घरची पोरगी स्टेजवर उभी राहत नसते," एवढंच ते बोलले. त्याच बाबांनी पुढे मी एका एकांकिकेत भालदार झालो तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. माझं वाक्य एकच होतं, तेही मी अडखळत म्हटलं. सासरीही ताईला तेच ऐकावं लागलं. मग तिनं पळवाट काढली. प्रॉम्प्टिंग. पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि नट अडला की हळूच वाक्य द्यायचं. भाऊजी म्हणाले, "विंगेत कोण पाहते? कर." तशी ती पंचवीस वर्षं विंगेत बसली. आख्खी नाटकं तिला पाठ, सगळ्यांची वाक्यं पाठ, आणि तिचं तोंड आजवर एकाही प्रेक्षकानं पाहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मंडळानं एका नर्सच्या आयुष्यावरचं दोन अंकी नाटक बसवलं. ताईनं आठवडाभर आधीच मला संहितेची झेरॉक्स पाठवली. "वाचून ये, म्हणजे बारीकसारीक दिसन तुले." वाचलं मी. शेवटी नायिकेचं खिडकीपाशी मोठं स्वगत होतं, सुरेख लिहिलेलं.

प्रयोग रविवारी दुपारी अकोल्याला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी अमरावतीला गझलांची मैफल. तिथंही मला बोलावलं होतं, वर दीपप्रज्वलनालाही उभं करणार होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी मात्र दोन्हीकडे जेवून ढेकर द्यायचा बेत केला. पहिला अंक पाहिला. मध्यंतर झाल्या झाल्या कोणाला न सांगता मागच्या दारानं निघालो, स्टेशन गाठलं आणि मूर्तिजापूर येईपर्यंत डोक्यात परीक्षण लिहून काढलं. संहिता वाचलेली होती, नायिका पहिल्या अंकात पाहिली होती. आता दुसऱ्या अंकात ती असं काय वेगळं दिवे लावणार होती?

मंगळवारी छापून आलं. "दुसऱ्या अंकात तर नायिकेने भूमिकेला पुरेपूर न्याय दिला." पुढे माहितीपत्रकावरून उतरवलेलं तिचं नाव. आणि खाली, तटस्थपणा दिसावा म्हणून, एक टोमणा. "पहिल्या अंकात विंगेतून येणारा प्रॉम्प्टरचा आवाज रसभंग करत होता." सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला!

दुपारी त्यांच्या दिग्दर्शकाचा फोन आला. "सर, नाव चुकलं ना हो. बाई मध्यंतरात चक्कर येऊन पडल्या, त्याइले दवाखान्यात नेलं. दुसरा अंक तुमच्या ताईनं केला. आपण अनाउन्समेंट केली होती की माइकवरून."

ती अनाउन्समेंट झाली तेव्हा मी स्टेशनच्या वाटेवर होतो. तरी तोंड काही बंद झालं नाही. "हो हो, प्रेसवाल्यांनी गोंधळ घातला," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझंच मला आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अकोल्याला गेलो. ताईनं दार उघडलं, पाणी दिलं, पोहे टाकले. भाऊजी पेपर घेऊनच बसले होते. ते प्रयोगाला गेले नव्हते, जाणारही नव्हते. मला पाहून हसले आणि ताईकडे हात केला.

"हे म्हणते, मी काम केलं. पेपरात तर दुसरीचंच नाव आहे. आता तुमीच सांगा, कोणावर इश्वास ठेवावं?"

"केलं ना, तिनंच केलं," मी म्हणालो. "दुरुस्ती छापून आणतो मी."

"नको," ताई पोहे परतत म्हणाली. "दुरुस्ती कोण वाचते? अन् तुह्या तरी काय दोष? मेकअपमध्ये ओळखू आली नसन मी. साडी तिची, अंबाडा तिच्यासारखा."

घ्या! माझी सुटका माझ्यासमोर वाढून ठेवली होती तिनं. आणि मी हावऱ्यासारखी उचलली. "हो ना, ओळखूच आली नाही बघ."

"अन् प्रॉम्प्टिंगचं लिहिलं थे बराबर लिहिलं. पहिल्या अंकात आवाज जोरातच गेला माह्या." हे ती खरंच मनापासून म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. टोमणे मारणं आमच्या घरात फक्त मलाच जमतं.

भाऊजी आंघोळीला गेले. ताईनं गॅस बंद केला, हात पुसले, माझ्यासमोर पाट ओढून बसली. पन्नाशी उलटलेली बाई, आणि चेहरा निकालाच्या दिवशीचा.

"नावाचं जाऊ दे. तू एवढी नाटकं पाहते, तुले समजते. खरं सांग, मी कशी केली?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ताई, मी नव्हतो. मी हलकट आहे, मैफलीत हार घालून घ्यायला पळालो. दोन वाक्यांचं काम होतं, आणि माझ्या तोंडून आलं काय, तर परीक्षण.

"कशी केली म्हणजे? शेवटचं थे स्वगत! एकेक शब्द असा आला तुह्या तोंडून, अंगावर काटा आला माह्या."

ताई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मला वाटलं, भरून आलं तिला. म्हणून मी आणखी पुढे गेलो. "थे खिडकीपाशी म्हणते ना, थे. हॉलमध्ये सन्नाटा होता."

"थे मी म्हटलंच नाही," ताई म्हणाली.

मी पाण्याचा पेला उचलला.

"आठवलंच नाही मले. सगळं नाटक पाठ, अन् तेवढंच गेलं डोक्यातून. पंचवीस वर्षं सगळ्याइले वाक्य देल्लं, मले देणारं विंगेत कोणी नव्हतं. मी गपच उभी राह्यली. लोकाइले वाटलं, तसंच आहे नाटकात. मंग पडदा पडला."

न्हाणीघरात भाऊजींनी बादली सरकवली. ताईनं उठून पोह्यांची ताटली माझ्यासमोर ठेवली, वर लिंबाची फोड ठेवली.

"पळून येणार होती मी आत," ती म्हणाली. "चष्मा काढलेला, समोरचं काही दिसे नाही. तू बसला आहे म्हणून उभी राह्यली."