अळी कुणाच्या रानातली

दिवाळी झाली की आमचे हे ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्याला जातात आणि चकलांब्याचं रान माझ्यावर पडतं. त्या साली ज्वारी गुडघ्याला लागली आणि पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत, लष्करी अळी निघाली. पानांची पार चाळण. फवारलं, तर थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

बांधाच्या पलीकडं चुलत दिरांचा मका होता, गाईंच्या मुरघासासाठी पेरलेला. ते फवारत नव्हते. गाईंच्या पोटात औषध जाईल म्हणायचे. मला ते पटत नव्हतं. बांध कोरण्यावरून आमची आधीच वाजलेली. मुद्दाम अळी पोसून माझ्या रानात सोडतात, अशी माझी खात्रीच झाली. सकाळी ते बांधावर उभे दिसले, तरी वाटायचं, कावून उभे असतील?

अशात कृषी महाविद्यालयातल्या एक मॅडम आल्या. चिमट्यानं अळ्या उचलून स्पिरिटच्या बारक्या नळ्यांत टाकायला लागल्या. दीर बांधावरूनच ओरडले, "वहिनी, कंपनीची हाय ती! हितली अळी नेणार, तिच्यावरचं औषध काढणार आन् आपल्यालाच इकणार."

त्यांचं बोलणं मला त्या वर्षी पहिल्यांदाच खरं वाटलं. मी मॅडमची पिशवीच धरली. "अळ्या कावून नेता?"

त्यांनी पिशवी सोडवली नाही. म्हणाल्या, "ताई, ह्या अळीच्या दोन जाती आहेत. डोळ्यांना सारख्याच दिसतात. एक मक्यावर जास्त पडते, दुसरी भातावर आणि गवतावर. डीएनएमध्ये ठरावीक खुणा असतात, त्यावरून कोणती जात ते कळतं."

"म्हंजी आता अळीचा बी बाप शोधायला लागले का?" दीर हसले.

मला मात्र तेच हवं होतं. मी मॅडमना मक्यात नेलं आणि म्हटलं, "ह्या बी घ्या. माझ्यातली आन् ह्यांच्यातली एकच हाय का, तेवढं सांगा."

दिरांचं हसू गेलं. "घ्या की. मी काय भितो व्हय?" म्हणाले, पण मॅडम कुठल्या नळीवर काय लिहितात, ते वाकून वाकून बघत राहिले. मीही बघत होते. नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मॅडमना गाडीपर्यंत सोडायला आम्ही दोघंही गेलो.

संक्रांतीनंतर त्या पुन्हा आल्या. ज्वारी निसवली होती, कणसं बारीक. दीरही आले.

"दोन्ही रानांतल्या अळ्यांच्या खुणा एकच आहेत," मॅडम म्हणाल्या.

"बघा!" मी दिरांकडं वळले. "म्हनलं नव्हतं? तुमचीच अळी!"

"माजी कावून? तुमची ज्वारी आदी पेरली. तितून माज्या मक्यात आली."

आम्ही दोघंही मॅडमकडं बघायला लागलो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गेवराईकडून आणलेल्या अळ्यांतही बहुतेक हीच खूण निघाली होती. पतंग वाऱ्यावर लांबलांब उडतो. खुणेवरून जात कळते, कुणाच्या रानातून आली ते नाही. एकट्यानं फवारून भागत नाही, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी घरी आले, पण डोकं शांत होईना. मॅडमना दिरांनी गाठलं असेल का, हेही मनात येऊन गेलं. संध्याकाळी फोनवर ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आगं, त्यो बी तिकडं हेच म्हनत आसंल."

पुढच्या साली अळी दिसताच मीच दिरांना निरोप धाडला. गाईंना चालेल असं औषध दिरांनी मॅडमना विचारून आणलं आणि एकाच सकाळी आम्ही दोघांनी पंप पाठीवर घेतले. पण आपापल्या बाजूनं बांधाला धरून, एकमेकांवर नजर ठेवूनच. पहिल्याच ओळीला ते थांबले.

"वहिनी, औषध हाय का नुसतं पानी?"

"वास घिऊन बघा," मी म्हटलं.

ते खरंच बांध ओलांडून आले, माझ्या पंपाचं झाकण काढून वास घेतला आणि मग मी त्यांच्या पंपाचा.