खेळ संपल्यावर दिसलेलं एसीवाल्याचं नाव

मंडळी, आज ड्यूटीवरून इथे बहरीनमध्ये ईसा टाउनला घरी आलो, तेव्हा बूट काढायचंही त्राण नव्हतं. लेक शाळेचा प्रोजेक्ट करत होती, जपानमधल्या एका छोट्या गेम स्टुडिओचा इतिहास. सात जणांनी काढला, चार गेम केले, मग खलास.

"पप्पा, सी धिस." स्क्रीनवर त्यांचा शेवटचा गेम संपल्यावर तो करणाऱ्या सगळ्यांची नावं वर सरकत होती. त्यात त्यांच्या ऑफिसचा एसी दुरुस्त करणाऱ्याचंही होतं!

मी इथे सोळा वर्षं एसीच दुरुस्त करतोय.

"व्हेअर इज युअर नेम?"

म्हटलं, एसीवरच्या सर्व्हिस स्टिकरवर माझी सही असते गं. पुढच्या सर्व्हिसला ते स्टिकर मीच खरवडून काढतो, हे नाही सांगितलं.

तुमचं नाव कुठे आहे हो?