त्रेचाळीस ऑक्सिजन

भोयर सर चपला दाराबाहेर काढून मगच वर्गात यायचे. त्यामुळे ते पाठीमागे कधी येऊन उभे राहिले, हे कळायचंच नाही. कळायचं ते बाकावर खडूची टकटक झाली की. दोनदाच. टकटक झाली म्हणजे आपण सूत्रात कंस विसरलो. बाकावर दोन पांढरे ठिपके उरायचे.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास हिंगणीच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवत. ॲल्युमिनियमवर तीन धन भार, सल्फेटवर दोन ऋण. दोन ॲल्युमिनियम नि तीन सल्फेट घेतले की सहाला सहा भेटले, बाकी शून्य. इथवर मला तोंडपाठ. पण सल्फेटला कंस घालायचं मी हमखास विसरायची आणि SO₄ च्या चाराला चिकटून तीन लिहून मोकळी व्हायची.

"काऊन वं सुमन, त्रेचाळीस ऑक्सिजन? तुह्या बापाच्या वांग्याच्या वाडीत ठेवतं का?"

वर्ग खिदळायचा. मग सर आवाज उतरवून म्हणायचे, "सल्फेट म्हणजे एक बिऱ्हाड आहे. तीन बिऱ्हाडं बलावली तं घरातल्या सगळ्याइले बलाव."

घंटा झाली तरी जुळवणी पुरी केल्याशिवाय ते वर्ग सोडत नसत. "भार अर्धा सोडून जाऊ नये, पोरीहो. तो जोडी पाहत फिरते." हे सांगताना मात्र ते हसत नसत, आणि आमच्या अंगावर काटा यायचा.

सहामाहीला मी विज्ञानात नापास झाले होते. "मॅट्रिक नाई झाली तं बाजारात भाजी घेऊन बसजो," बाबांनी निक्षून सांगितलं होतं. मला नर्स व्हायचं होतं. परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना सरांनी फळ्यावर ॲल्युमिनियम लिहिलं, त्यावर तीन धन. सल्फेट लिहिलं, त्यावर दोन ऋण. मग छातीवर हात ठेवून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. तो फळा पुसायला कोणी धजलं नाही. शिपायाने खोलीला कुलूप घातलं.

परीक्षेचं केंद्र सेलूला होतं. पेपरात नेमकं तेच सूत्र आलं. मी घाईने लिहिलं, चाराला चिकटून तीन, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

टकटक.

मागे पाहिलं. मागचा बाक रिकामा. पर्यवेक्षक तिकडे दाराशी उभे. मी कंस घातला. उठताना बाकावर दोन पांढरे ठिपके दिसले.

पुढे मी काठावर पास झाले, नर्सही झाले. पण पेपराच्या त्या दिवशी मी घरी न जाता सेलूहून थेट शाळेत आले आणि शिपायाकडून किल्ली घेतली. फळ्यावर सरांचे दोन्ही भार तसेच समोरासमोर होते. खाली मी सूत्र लिहिलं, कंस मुद्दाम गाळला आणि कान देऊन उभी राहिले. बराच वेळ.

टकटक आली नाही. तेव्हा मला रडू कोसळलं. सर आता खरंच गेले होते.

कंस मीच घातला.