तोरिबियोच्या थडग्यावरचा पाव

आमच्या गावात प्रत्येक बाई चर्चमध्ये आपापल्या माणसांच्या थडग्यावर बसायची. जमिनीत शिळा, शिळेखाली घरची माणसं. कासिल्दा माझी शेजारीण. तिच्या शिळेखाली नवरा होता, सासू होती. दर रविवारी ती तिथे मेणबत्ती लावी आणि घरी भाजलेला पाव ठेवी. प्रार्थना संपली की पाव पाद्रीबाबांच्या घरी जाई. हे नाही केलं तर मेलेला अंधारात उपाशी भटकतो, असं आम्ही सगळ्याच मानतो.

मग माद्रिदहून राजाचा हुकूम आला. चर्चमध्ये पुरल्यानं रोगराई पसरते, यापुढे मढी गावाबाहेर पुरायची. शहाण्यांचं राज्य! आमचं ऐकून घ्यायला कोणाला सवड होती? शिळांच्या फटी चुन्यानं बुजवल्या. वेशीबाहेरचं एक माळरान नेमून दिलं. भिंत नंतर बांधू म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात कासिल्दाचा एकुलता एक मुलगा तोरिबियो तापानं गेला. मला सोबत घेऊन ती हुकूम बजावायला आलेल्या अधिकाऱ्याच्या पाया पडली.

"साहेब, बापाशेजारी एवढीशी जागा द्या. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही."

"बाई, तुला दिली तर उद्या सगळं गाव दारात उभं राहील. कायदा सगळ्यांना सारखा."

"कायद्याला आई नसते, म्हणून असं बोलता," मी म्हणाले. त्यानं शिपायाकडून मला बाहेर काढलं.

पोराला माळावर पुरलं. कासिल्दा रोज संध्याकाळी तिथे जायची. वाऱ्यात मेणबत्ती टिकत नसे, म्हणून पाव मोठा करायची. सकाळी पाव नाहीसा झालेला असे.

"खातोय गं माझा लेक," ती मला सांगायची. किती दिवसांनी तिच्या तोंडावर जरा तजेला आला होता. मी नुसती मान डोलावली.

एका सकाळी मेंढपाळानं हाक मारली. आम्ही दोघी धावत गेलो. माती उकरलेली होती, कफनाचं कापड दूर काट्यांत अडकलं होतं. पुढचं मी सांगणार नाही. जे उरलं होतं ते आम्ही हातांनी गोळा केलं, पुन्हा पुरलं, वर दगड रचले.

दुपारी तिच्याकडे गेले, तर बाई कणीक मळत बसलेली. एरवीच्या दुप्पट.

"घाबरला असेल गं रात्री. आज दोन ठेवते."

ही आज पुन्हा ठेवणार, आणि कुत्री पुन्हा येणार. मी तिचे दोन्ही हात धरले.

"कासिल्दा, कुत्री पावासाठी येतात. पाव संपला की खाली हुंगतात."

तिनं हात सोडवून घेतले.

"म्हणजे मी रोज त्यांना जेवायला बोलवत होते?"

तिनं बोटांना चिकटलेली कणीक सावकाश खरवडून काढली. मग चुलीपाशी गेली आणि पेटती लाकडं एकेक करून राखेत विझवली.